एनएसएस युनिटची तपासणी: चार्ज घेण्यापासून पूर्तता अहवालापर्यंत, नवीन कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी

कॉलेजात नवीन लागलेल्या सर-मॅडमच्या गळ्यात पहिल्या दोन-तीन वर्षांत हमखास जी जबाबदारी पडते ती म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस). झाडं लावायची, रॅली काढायची, डिसेंबर-जानेवारीत गावात शिबिर न्यायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण विद्यापीठाकडून पत्र येतं की अमुक तारखेला समिती युनिटला भेट देणार आहे आणि मग धांदल उडते. कपाट उघडलं जातं, जुन्या फाईली निघतात, रात्री जागून हजेऱ्या "पूर्ण" केल्या जातात. मी कार्यक्रम अधिकारी म्हणून टेबलाच्या अलीकडेही बसले आहे आणि नंतर समितीत सदस्य म्हणून पलीकडेही, त्यामुळे तपासायला येणारी माणसं नेमकं काय बघतात, का बघतात आणि त्यासाठी वर्षभर काय करायचं ते इथे सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. युनिटमधली जी पोरगी रविवारी सकाळी सहाला उठून एसटीने दत्तक गावात (युनिटने कामासाठी निवडलेल्या गावात) येते, तिच्या तासांची किंमत तपासणीमुळे राखली जाते. न आलेल्या मुलालाही तेवढेच तास, तेच प्रमाणपत्र, तेच सवलतीचे गुण मिळाले तर तिच्या मेहनतीला अर्थ राहत नाही. म्हणून मला तपासणीचा मनापासून आदर वाटतो आणि तुम्हालाही वाटावा असं वाटतं.

कोण येतं आणि कुठून येतं

योजना 24 सप्टेंबर 1969 ला, म्हणजे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली, सुरुवातीला 37 विद्यापीठांत. आज वरपासून खालपर्यंत साखळी अशी आहे: दिल्लीत युवक कल्याण व क्रीडा मंत्रालय, त्याखाली एनएसएस संचालनालय, आपल्यासाठी पुण्याचं क्षेत्रीय संचालनालय, मुंबईला मंत्रालयात राज्याचा एनएसएस कक्ष, मग विद्यापीठाचा एनएसएस विभाग, त्याचे संचालक किंवा समन्वयक, मग जिल्हा समन्वयक, आणि शेवटी तुमचे प्राचार्य आणि तुम्ही. आपल्याकडे रोजचा संबंध येतो तो विद्यापीठ आणि जिल्हा समन्वयक यांच्याशीच, वर्षातून एकदा रेकॉर्ड बघायला आणि शिबिरात अचानक येणारी माणसं बहुतेक तिथूनच येतात. जिल्हा समन्वयक म्हणजे शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजातले तुमच्यासारखेच एक प्राध्यापक असतात हे लक्षात ठेवा, त्यांनीही स्वतःच्या कॉलेजात हेच सगळं केलेलं असतं, त्यामुळे त्यांना फसवणं अवघड आणि त्यांच्याशी मोकळं बोलणं सोपं.

स्वयंअर्थसहाय्यित युनिट असेल तर काही जणांना वाटतं की आपल्याला सरकारी पैसा नाही म्हणजे तपासणी नाही. असं नसतं, तास, शिबिर, रेकॉर्ड सगळे नियम तेच लागू असतात, फक्त पैशाचा स्रोत वेगळा.

पहिली पायरी: चार्ज घेताना

आधीचे सर "सगळं कपाटात आहे" म्हणून चावी देतील. चावी घेऊ नका, आधी यादी करून घ्या. त्यात काय काय पाहिजे: मागच्या वर्षांची स्वयंसेवक नोंदणी, हजेरीपट, कॉलेजच्या एनएसएस सल्लागार समितीचं इतिवृत्त, कॅशबुक, बँकेचं पासबुक, व्हाउचर फाईल, साठा नोंदवही, विद्यापीठाला पाठवलेले अहवाल, ऑडिट झालेली स्टेटमेंट आणि विनियोग प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या तपासणीचा शेरा. साठा नोंदवहीत टिकाव, फावडी, घमेली, सतरंज्या, मोठी पातेली असं लिहिलेलं असतं, ते प्रत्यक्ष मोजा. दहा टिकाव लिहिलेत आणि सहाच आहेत तर सहा मिळाले असं लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि प्राचार्यांची सही घ्या. आज हे मागताना अवघडल्यासारखं होतं, पण पुढच्या वर्षी समिती तुम्हालाच विचारणार.

कार्यक्रम अधिकाऱ्याचं प्रशिक्षणही असतं, विद्यापीठाचं पत्र आलं की टाळू नका, घरची अडचण असली तरी पुढच्या बॅचला नाव द्या. प्रशिक्षण झालंय का हा समितीच्या पहिल्या काही प्रश्नांपैकी एक असतो.

दुसरी पायरी: तासांचं गणित जुलैतच मांडा

एका युनिटमध्ये साधारण 100 स्वयंसेवक. प्रत्येकाने वर्षाला 120 तास नियमित काम करायचं, दोन वर्षांत 240 तास, आणि या दोन वर्षांत एक सात दिवसांचं विशेष शिबिर. शिबिराला युनिटमधले निम्मे म्हणजे 50 जण. शिबिराचे दिवस या 120 तासांत धरायचे नाहीत, ते वेगळे. हे सगळं पूर्ण झालं तरच प्रमाणपत्र.

आता समिती काय करते बघा. तुम्ही सांगता की आम्ही दर शनिवारी दोन तास काम घेतो. कॉलेजचे प्रत्यक्ष कामाचे आठवडे तीस धरले तर साठच तास झाले. बाकीचे साठ कुठून आले? हा प्रश्न येणार म्हणजे येणारच, आणि तो बरोबर आहे. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर घेऊन बसा, शनिवारचे दोन तास, महिन्यातून एक रविवार दत्तक गावात पाच-सहा तास, 24 सप्टेंबरचा एनएसएस दिन, 2 ऑक्टोबर, 12 जानेवारीचा जिजाऊ जयंती आणि युवक दिन, गाडगेबाबा जयंतीची स्वच्छता, वारीच्या मार्गावर कॉलेज असेल तर वारीतली सेवा, रक्तदान शिबिर, मतदार नोंदणी. सगळं मांडून बेरीज करा आणि ती 120 च्या वर जाऊ द्या, कारण मुलं आजारी पडतात, परीक्षा येतात, घरी लग्न निघतात.

हा आराखडा सल्लागार समितीच्या पहिल्या बैठकीत ठेवायचा, ठराव लिहायचा, सह्या घ्यायच्या. बैठक खरोखर घ्या. गावच्या सरपंचांना, एखाद्या डॉक्टरांना बोलवा, चहा द्या, अर्धा तास बसा. त्या बैठकीतूनच शिबिराचा जेवणाचा प्रश्न, पाण्याचा टँकर, मुलींच्या राहण्याची खोली असं सगळं सुटतं, असा माझा अनुभव आहे.

तिसरी पायरी: हजेरी, आणि इथे जरा थांबून वाचा

तपासणीतलं सगळ्यात जास्त बारकाईने बघितलं जाणारं रजिस्टर हेच. समितीतला अनुभवी माणूस हजेरीपट हातात घेतो तेव्हा आधी आकडे वाचत नाही, आधी पानं चाळतो. जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या वळणाने सगळ्या "ह" आणि "गै" असतील तर त्याला कळतं की हे एका रात्रीत बसून लिहिलंय. खऱ्या हजेरीला चिखलाचा डाग असतो, कधी पेन बदललेलं असतं, पावसाच्या दिवशी अर्धीच मुलं असतात, गणपतीच्या आठवड्यात गळती असते. मग तो दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा बघतो, परीक्षेच्या तारखा बघतो, त्या दिवशी 100 पैकी 98 हजर दाखवले असतील तर प्रश्न. सगळ्याच्या सगळ्या मुलांचे बरोबर 120 तास भरले असतील तरी प्रश्न, कारण माणसं एवढी सारखी नसतात.

उपाय सोपा आहे पण शिस्त लागते. दहा-दहा मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला गटप्रमुख, हजेरी कामाच्या जागीच घ्यायची, मुलांच्या सह्या घ्यायच्या, किती वाजता सुरू किती वाजता बंद ते लिहायचं, खाली तुमची सही त्याच दिवशी. आठवड्याला तासांची बेरीज गटप्रमुखाने करायची आणि नोटीस बोर्डावर लावायची, म्हणजे कोणाचे तास चुकले तर तो स्वतःच येऊन सांगतो आणि वर्षअखेरीला भांडणं होत नाहीत. ज्याचे 85 भरले त्याचे 85 च लिहा. त्याला पुढच्या वर्षी भरून काढायची संधी द्या, समजावून सांगा, पण आकडा फुगवू नका. समितीसमोर कमी तासांची खरी हजेरी ठेवली तर फार तर उपस्थिती वाढवा असा शेरा येतो, खोटी सापडली तर युनिटच्या बाकी सगळ्या कामावर संशय बसतो आणि त्यात ज्यांनी घाम गाळला ती मुलंही भरडली जातात.

मुलांची स्वतःची कार्य दैनंदिनीही असते. ती मार्चमध्ये भरायला लावू नका. दर महिन्याला गोळा करून दोन ओळी वाचून सही करा. आणि फोटो काढताना बॅनरसमोर रांगेत उभं राहून काढलेला एक पुरे, बाकीचे काम चालू असतानाचे काढा, तारीख आणि ठिकाण फोटोवर येणारं ॲप सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतं, ते वापरा.

चौथी पायरी: पैसे

नियमित कार्यक्रमाचा निधी वेगळा आणि विशेष शिबिराचा वेगळा. एकमेकांत मिसळायचे नाहीत, दोन्हीचे हिशोब वेगळे ठेवायचे. दर स्वयंसेवकामागे किती मिळतात आणि कुठल्या बाबीवर किती खर्च चालतो हे त्या वर्षाच्या परिपत्रकात बघा, मागच्या सरांनी सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. 2016 पासून ही योजना पूर्ण केंद्राच्या निधीवर चालते आणि पैशाची हालचाल पीएफएमएसवर (सरकारी निधीचा हिशोब ठेवणाऱ्या केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीवर) दिसते, त्यामुळे वरच्या ऑफिसात बसलेल्या माणसालाही कळतं की तुमच्याकडे किती पडून आहेत.

शिबिरात सगळ्यात अडचण येते ती भाजीपाला, दूध, सरपण, आचारी, ट्रॅक्टरचं भाडं याची. आठवडे बाजारात मेथीच्या जुडीला बिल कोण देणार? अशा वेळी हातपावती करायची: तारीख, काय घेतलं, किती, दर, एकूण, देणाऱ्याचं नाव-गाव आणि सही किंवा अंगठा, आणि त्यावर तुमची सही. रक्कम 5000 च्या वर असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. किराणा मात्र पक्क्या बिलानेच. कॅशबुक रोज रात्री, मुलं झोपल्यावर, दहा मिनिटं बसून लिहून टाका. चार दिवसांनी लिहायला बसलात की साडेतीनशे रुपये कुठे गेले ते आठवत नाही आणि मग माणूस जुळवाजुळव करायला लागतो.

समिती व्हाउचरचा नंबर, कॅशबुकातली नोंद आणि साठा नोंदवही या तिन्ही एकत्र ठेवून बघते. वीस घमेली विकत घेतल्याचं बिल आहे पण साठा नोंदवहीत नोंदच नाही, हा सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष आहे, आणि त्यात पैसे खाल्लेले नसतातच बहुतेक, फक्त नोंद राहून गेलेली असते.

पाचवी पायरी: शिबिरातली भेट

विशेष श्रमसंस्कार शिबिराला समन्वयक कधीही येऊ शकतात, सकाळी सहाला प्रार्थनेच्या वेळीसुद्धा. ते सगळ्यात आधी मुलींची राहण्याची सोय बघतात, आणि हे असंच असलं पाहिजे. खोलीला आतून कडी आहे का, दिवा आहे का, संडास-बाथरूम किती लांब आहे, रात्री तिकडे जायला उजेड आहे का, महिला प्राध्यापक मुक्कामी आहेत का, फक्त कागदावर नाव आहे का. यात कुठेही ढिलाई दिसली तर शेरा कडक येणार आणि यायलाच पाहिजे.

मग पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी (उघडून बघतात, औषधांच्या तारखाही बघतात), जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर भिंतीवर लावलाय का, पिण्याचं पाणी कुठून येतं. आणि विहीर, तलाव, नदी. दुपारी उन्हातून काम करून आलेली पोरं पाण्याकडे धावतात. पोहायला सक्त मनाई, गटप्रमुखांना जबाबदारी वाटून द्या आणि तसा फलक लावा, पहिल्याच दिवशी गावातल्या दोन माणसांना विचारून धोक्याच्या जागा मुलांना दाखवून ठेवा.

त्यानंतर काम. आणि इथे एक प्रसंग सांगते, कारण तपासणीचं खरं मोल मला त्या दिवशी दिसलं. समिती म्हणून एका गावात गेलो होतो, अहवालात पाच शोषखड्डे (घरातलं सांडपाणी जमिनीत मुरवायचे खड्डे) लिहिलेले. आम्ही म्हटलं चला दाखवा. तिसऱ्या घरापाशी एक आजी ओट्यावर बसलेल्या, त्या म्हणाल्या, "पोरं गुणाची होती बाई, उन्हात खणलं त्यांनी, पर पाणी मुरत न्हाई, उलट अंगणात येतंय." खड्ड्याच्या तोंडावरची खडी बाजूला केली तर आत दगडांच्या जागी पडक्या भिंतीची माती आणि विटांचे तुकडे भरलेले. शोषखड्ड्यात तळाला मोठे दगड, वर मध्यम, त्याच्यावर बारीक असे थर लागतात, मधल्या पोकळीतून पाणी खाली जाऊन जमिनीत मुरतं. माती भरली की पोकळीच राहत नाही, त्यात काळी जमीन, ती आधीच पाणी कमी मुरवते. त्या कॉलेजच्या सरांनी कबूल केलं की दगड आणायला ट्रॅक्टर मिळाला नव्हता. आमच्यातल्या ज्येष्ठ सदस्यांनी आवाज न चढवता एवढंच विचारलं, "शिबिराचे किती दिवस राहिलेत?" अजून दोन होते. सरपंचांना फोन झाला, ट्रॅक्टर आला, मुलांनी तिसरा आणि चौथा खड्डा उपसून परत भरला. अहवालात पाचाचे पाच राहिले, पण आता पाणी मुरत होतं. शेरा लिहिला तो असा की तांत्रिक कामाआधी ग्रामपंचायतीच्या किंवा पंचायत समितीच्या अभियंत्याकडून मार्गदर्शन घ्यावं. तपासणी अशी असावी.

वनराई बंधारा बांधणार असाल तर तेच. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने भरून नाल्याला आडव्या लावायच्या, पण पाऊस संपल्यावर, नाल्यात अजून वाहतं पाणी असताना. फेब्रुवारीत कोरड्या नाल्यात गोण्या रचून फोटो काढलात तर समितीतला कोणीही शेतकऱ्याचा मुलगा विचारणार, अडवलं काय? झाडांचंही तसंच, दोनशे लावली म्हणू नका, आज किती जगलीत आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालतं ते सांगा. साठ जगली असतील तर साठच दाखवा, अभिमानाने दाखवा.

सहावी पायरी: प्रत्यक्ष तपासणीच्या दिवशी

रेकॉर्ड एका टेबलावर, वर्षानुसार, वर चिठ्ठी लावून. प्राचार्यांना वेळ आधी सांगून ठेवा, ते पाच मिनिटं तरी बसले पाहिजेत. हार-तुरे, नारळ, शाल यात वेळ घालवू नका, चहा-पोहे पुरेत.

समिती मुलांशी बोलते आणि तेव्हा तुम्हाला बाहेर थांबायला सांगू शकते. यात अपमान मानू नका. मुलांना काय विचारतात? एनएसएसचं चिन्ह कशावरून घेतलं, तर कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथचक्रावरून, आठ आऱ्या म्हणजे आठ प्रहर. ब्रीदवाक्य काय, तर "नॉट मी बट यू". पण हे पाठांतराचे प्रश्न नुसते सुरुवातीचे, नंतर विचारतात की दत्तक गावात किती घरं आहेत, तिथली शाळा कुठपर्यंत आहे, पाणी कुठून येतं, तू स्वतः काय केलंस. जी मुलं खरोखर गावात गेली आहेत ती इथे बोलायला लागली की थांबत नाहीत. कोणाच्या घरी भाकरी खाल्ली, कोणत्या आजोबांना पेन्शनचा अर्ज भरून दिला, सगळं सांगतात. माझ्या मते युनिटचा निकाल याच दहा मिनिटांत लागतो. म्हणून उत्तरं पाठ करून घेऊ नका, नेहमी पुढे असणारे चार हुशार विद्यार्थीच पुढे करू नका, मागच्या बाकावरच्यांनाही बसवा.

तुम्हाला एखादा प्रश्न विचारला आणि उत्तर नसेल तर "बघून सांगतो" म्हणा. एखादं रजिस्टर नसेल तर नाही म्हणा. तिथल्या तिथे बनवून आणायला शिपायाला पिटाळलेलं सगळ्यांना दिसतं.

जे पहिल्यांदा समितीत जाणार आहेत त्यांनाही दोन शब्द. खेड्यातल्या कॉलेजात एकच कार्यक्रम अधिकारी असतो, त्याच्याकडेच परीक्षा विभाग, नॅकचं (कॉलेजच्या मूल्यांकनाचं) काम आणि विद्यार्थी विकासही असतो, तेव्हा शुद्धलेखन आणि फाईलच्या कव्हरचा रंग बघत बसू नका. मुलींची सुरक्षितता, तासांचा खरेपणा, पैशांचा हिशोब आणि गावातलं काम या चारांत सवलत देऊ नका, बाकी सगळं बोलून सुधारता येतं. शेरा लिहिताना काय कमी आहे याबरोबर कधीपर्यंत पूर्ण करायचं तेही लिहा, "सुधारणा आवश्यक" एवढंच लिहिलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. आणि जे चांगलं दिसलं ते नावानिशी लिहा, स्वयंसेवकाचं नाव समितीच्या शेऱ्यात आलं की तो मुलगा ते पान घरी फोटो काढून पाठवतो.

सातवी पायरी: शेरा आल्यावर

अहवालाची प्रत मागून घ्या. प्रत्येक मुद्द्याला नंबर द्या आणि समोर लिहा की काय केलं, कोणत्या तारखेला केलं, पुरावा काय जोडला. "साठा नोंदवहीत घमेल्यांची नोंद घेतली, पान नंबर अमुक, झेरॉक्स सोबत." जे करता येणार नाही त्याचं कारण लिहा, उदाहरणार्थ महिला कार्यक्रम अधिकाऱ्याची नेमणूक संस्थेच्या हातात असेल तर प्राचार्यांनी संस्थेला पाठवलेलं पत्र जोडा. एखादा मुद्दा चुकीच्या समजातून आला असेल तर तेही नम्रपणे, कागद जोडून लिहायचं, त्याचं वाईट कोणी वाटून घेत नाही.

हा पूर्तता अहवाल प्राचार्यांच्या सहीने, जावक नंबर टाकून विद्यापीठाला पाठवा, जिल्हा समन्वयकांना प्रत द्या, आणि पोचपावतीसकट एक प्रत नवीन वर्षाच्या फाईलला सगळ्यात वर लावा, कारण पुढची समिती आल्यावर आधी तेच पान मागते.